वीस वर्षांचे ‘एल्डर’

मिशनरी म्हटलं की मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टर आठवतात. पण लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांचे बहुतेक मिशनरी आपल्याच वयाचे! मुलं १८ व्या वर्षापासून जाऊ शकतात, २ वर्षांसाठी. मुली १८ महिन्यांसाठी. कुठल्या देशात, ते चर्च ठरवतं. पगार नाही, खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. परकी भाषा ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे शिकायची, उरलेली रस्त्यावर, चुकतमाकत.

रूम पार्टनरही चर्चच देतं. पटो न पटो, एकट्यानं बाहेर फिरायचं नाही. कपडे धुणं, बाजारहाट याला आठवड्यातून एक दिवस. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो.

या पोरांना म्हणायचं ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे. आधी मला हसूच आलं. मग वाटलं, परक्या गावात दिवसभर नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवायचं, हे सोपं नाही. काही जण मध्येच परततात. ‘लोक काय म्हणतील’ हे ओझं त्यांनाही असतं. ते कसं असतं, हे आपल्यातल्या वायडी लागलेल्यांना विचारा.