माहेर सिंधुदुर्गात, सासर गोव्यात: वाट्याचा कायदा कोणता?



आज आपण वारसाहक्काबद्दल बोलणार आहोत, पण जरा आपल्या भागापुरतं. दोडामार्ग, बांदा, सातार्डा या पट्ट्यातल्या आपल्या गटांत बहुतेक घरांचा एक पाय गोव्यात असतो. कुणाची लेक डिचोलीला दिलेली, कुणाच्या नवऱ्याने म्हापशात काम करता करता तिथेच दोन खोल्या घेतलेल्या, कुणाची सासू मूळची सत्तरीतली. जाणं-येणं रोजचं, त्यामुळे मधे राज्याची हद्द आहे हे लक्षातही राहत नाही. ते लक्षात येतं घरातलं कुणी गेल्यावर.

दिवसकार्य झालं की महिन्या-दोन महिन्यांत भाऊ किंवा दीर कागद घेऊन येतो. "ताई, इथे फक्त एक सही." आमच्या बैठकीत हा प्रश्न आला की आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो. कागद कुठल्या राज्यातल्या मालमत्तेचा आहे? आणि गेलेल्या माणसाचं कायमचं घर कुठलं होतं? कारण या दोन उत्तरांवर बाईचा वाटा बदलतो.

आधी आपल्या बाजूचं बघू. महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणूनही तो जात नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणी होऊन वाटप झालं असेल, तर ते आता उकरता येत नाही.

पण वडिलांनी किंवा नवऱ्याने स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र तो हवं त्याच्या नावे करू शकतो. सगळंच्या सगळं. बायकोला, मुलीला एक पैसाही न ठेवता.

गोव्यात हे चालत नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी तो कायदा चालू राहिला. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे आणि तो २०१६ पासून लागू आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना साधारण एकच नियम. त्यातल्या दोन गोष्टी बाईने पाठ करून ठेवाव्यात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी असते. नवऱ्याला घर विकायचं तरी बायकोची सही लागते. आणि मुलंबाळं असलेल्या माणसाला स्वतःच्या हिश्शातला फक्त अर्धा भाग मृत्युपत्राने वाटेल त्याला देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा-मुलगी सारखे.

आकड्यांत मांडलं की बैठकीत लगेच कळतं. समजा, नवऱ्याच्या कमाईतून झालेली मालमत्ता चाळीस लाखांची आहे आणि घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि नवऱ्याची आई आहे. महाराष्ट्रात मृत्युपत्र न करता तो गेला तर चौघांना दहा-दहा लाख. मृत्युपत्र करून गेला तर चाळीसच्या चाळीस लाख एकट्या मुलाला जाऊ शकतात. गोव्यात त्यातले वीस लाख बायकोचे आधीपासूनच आहेत. ते तिला वारसाने मिळत नाहीत, लग्नाने तिचे झालेले असतात. नवऱ्याच्या वीस लाखांतले दहा त्याने कुणालाही द्यावेत, पण दहा लाख मुलांचेच, म्हणजे मुलीला किमान पाच. आणि सासू? मुलं असताना तिथे तिचा वाटा येत नाही. तेव्हा गोव्याचा कायदा सगळ्याच बायकांना जास्त देतो असं समजू नका.

आता गुंता. माणूस गोव्याचा, पण जमीन सावंतवाडीत, मग काय? मुंबईतल्या एका मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला की, गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वाटे गोव्याच्याच कायद्याने पडतील. अधिवास म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता नव्हे, कायमचं घर. म्हणजे सासरे गोव्याचे असतील, तर त्यांच्या इकडच्या जमिनीचं सगळं मृत्युपत्र एका मुलाच्या नावे दाखवलं तरी बाकीच्यांनी गप्प बसायचं कारण नाही. उलट माणूस आपल्याकडचा आणि खोल्या म्हापशात, असं असेल तर स्वतः अंदाज बांधू नका. त्या लग्नाची नोंद कुठे झाली इथपासून वकील विचारतात.

लग्नाच्या नोंदीवरून आठवलं. गोव्यात नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत सह्या होतात, आधी इरादा सांगायचा, मग काही दिवसांनी पक्कं करायचं. मांडवात अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या आणि नोंद राहून गेली, असं लेकीच्या बाबतीत होऊ देऊ नका. निम्म्या वाट्याची गोष्ट पुढची, आधी आपण बायको आहोत हेच तिला सिद्ध करत बसावं लागतं.

कागदही दोन्हीकडचे वेगळे. आपल्याकडे मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते. तरी आम्ही नोंदणी कराच म्हणतो, आणि ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. गोव्यात मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करतात, तो उपनिबंधक कार्यालयात भेटतो. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार, तिकडे एक-चौदाचा उतारा, आणि जुन्या घरांचे कागद तर पोर्तुगीजमध्ये, भाषांतर करून घ्यावे लागणारे. वारसांत पटलं नाही तर गोव्यात कोर्टात इन्व्हेंटरी होते, म्हणजे सगळ्या मालमत्तेची यादी करून वाटणी. तेव्हा एकाच हक्कसोडपत्रात दोन्ही राज्यांच्या जमिनी घालून कुणी सही मागत असेल, तर थांबा. गोव्यात हक्क सोडायचा तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या मागतात, हेही भावाला सांगा.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला, असं घाबरवणारे खूप भेटतात. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा निवाडा नाही. तसंच बँकेच्या खात्यातलं वारसदार नाव. ज्याचं नाव लावलं त्याच्या हातात बँक पैसे देते, पण ते कायदेशीर वारसांचेच राहतात.

एक छोटी गोष्ट, जिने अनेकींना हेलपाटे घातले आहेत. आपल्याकडचे पेशंट बांबोळीच्या दवाखान्यात नेतात. तिथे मृत्यू झाला तर नोंद गोव्यात होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती तिथूनच घ्या, आणि नाव आधार, सातबारा, बँक यांच्याशी अक्षरशः जुळतंय का ते त्याच दिवशी बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरातलं लाडाचं नाव, अशी तीन नावं असलेल्या बायका आपल्या प्रत्येक गटात आहेत.

आणि आपल्या स्वतःच्या पैशाचं काय? बचत, शिलाईच्या कामातून घेतलेला गुंठा, दागिने. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ आणि नवरा नसलेली बाई मृत्युपत्राशिवाय गेली, तर माहेरहून वारसाने आलेली मिळकत माहेरी परत जाते, पण तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, आईवडिलांचा नंबर नंतर. सासरने कधी विचारलं नाही आणि म्हाताऱ्या आईला आपणच सांभाळलं, अशी बाई असेल तरी. तिने मृत्युपत्र करायलाच हवं. अशा बाईला "तुझं आहेच काय?" असं विचारणाऱ्यांना वाटणीच्या वेळी मात्र तिचा गुंठा बरोबर आठवतो.

मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींना महाराष्ट्रात वेगळे नियम आहेत, त्यावर पुढे स्वतंत्र बोलू.

वकिलाचा खर्च ही अडचण सांगू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. गोव्यातही तसंच. हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, दोन्हीकडचे उतारे आणि सहीसाठी आलेल्या कागदाची झेरॉक्स बरोबर न्या. भाऊ झेरॉक्स देत नसेल, तर मोबाइलवर फोटो काढून घ्या.