सरकारी सुधारगृहाला परवाना कोण देणार?

1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. उमरखाडीची हीच तुरुंगाची वास्तू पुढे मुलांच्या वाट्याला आली आणि मुंबईकरांच्या तोंडी ‘डोंगरी रिमांड होम’ झाली. आधी इमारत, मग मुले आणि सर्वांत शेवटी नियम, हा क्रम आपल्याकडे बराच काळ चालला.

सुरुवात 1850 च्या अप्रेंटिस कायद्यापासून धरता येते. अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेले पोर एखाद्या कारागिराच्या हाताखाली द्यायचे, एवढीच तेव्हाची कल्पना. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा निघाली. ती माहीमला आजही आहे. 1876 चा आणि नंतर 1897 चा रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा आला, पण मुलांचे स्वतंत्र न्यायालय आणि स्वतंत्र गृह यांना खरा आकार दिला तो 1924 च्या मुंबई मुलांच्या कायद्याने. तो राबवण्यासाठी 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. नाव सोसायटी, अध्यक्ष मात्र राज्याचे मुख्यमंत्री. सरकार कुठे संपते आणि संस्था कुठे सुरू होते, हे तिथे कधीच नीट सांगता आले नाही.

या काळातली पद्धत साधी होती. खासगी संस्थेने मुले ठेवायची तर सरकारचे प्रमाणपत्र घ्यायचे. सरकारने ठेवायची तर एक आदेश काढायचा. 1956 साली महिला व बालसंस्थांसाठी परवान्याचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हाही दुसऱ्या कायद्याखाली चालणाऱ्या सुधारशाळा त्यातून वगळल्या गेल्या. थोडक्यात, अनाथाश्रमाला परवाना हवा, पण ज्या दाराला बाहेरून कुलूप असते त्याला नको.

परवाना दूरच, कित्येक मुले तर सुधारगृहापर्यंत पोहोचतही नव्हती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मोठ्यांच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 1986 मध्ये न्यायालयाने राज्यांना खडसावले: मुलांना तुरुंगात ठेवू नका, त्यांच्यासाठी गृहे उभारा. त्याच वर्षी देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला, 2 ऑक्टोबर 1987 पासून लागू झाला आणि राज्याचा जुना कायदा मागे पडला. 2000 मध्ये नवा कायदा आला. 2006 च्या दुरुस्तीने नोंदणी सक्तीची केली, सरकारी संस्थांनाही केली. मात्र ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांपुरतीच. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची सरकारी निरीक्षणगृहे तेव्हाही बाहेरच राहिली.

ही फट बुजली 2015 च्या कायद्यातल्या कलम 41 ने. संस्था सरकारी असो वा स्वयंसेवी, अनुदानित असो वा नसो, नोंदणी बंधनकारक झाली. मुदत पाच वर्षे. नोंदणी न केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. सोबतचे 2016 चे केंद्राचे आदर्श नियम जरूर वाचावेत. झोपण्याच्या दालनात एका मुलामागे 40 चौरस फूट, सात मुलांमागे एक शौचालय. रोजच्या ताटात डाळ 120 ग्रॅम. मांसाहार न करणाऱ्याला आठवड्यातून एकदा गूळ-शेंगदाणे किंवा पनीर. इतका बारीक हिशेब शाळांच्या नियमांतही क्वचितच सापडेल. महाराष्ट्राने आपले नियम 2018 मध्ये केले.

याच कलमात एक गंमतही आहे. अर्जावर महिनाभरात तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले नाही, तर अर्जाची पोच हीच सहा महिन्यांपर्यंतची तात्पुरती नोंदणी. म्हणजे कार्यालयाने हात हलवला नाही तरी संस्था सहा महिने कायदेशीर. अर्ज निकाली न काढणाऱ्या अधिकाऱ्यावर कर्तव्यात कसूर केल्याची कारवाई करायची तरतूद आहे. पण ती करायची त्याच खात्याने.

मे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व बालसंस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पुरी करायला सांगितले. पुढच्याच वर्षी मुझफ्फरपूरचे प्रकरण उजेडात आले. सरकारी अनुदानावर चाललेल्या त्या बालिकागृहातले अत्याचार बाहेर काढले ते देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणाने. मुलींशी बसून बोलल्यावर जे कळले, ते फायलींतून कळले नव्हते. सप्टेंबर 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नोंदणीपूर्वी जिल्हाधिकाऱ्याची शिफारस विचारात घ्यावी लागते. आणखी एक सही वाढली. ती सही करणारा प्रत्यक्ष जाऊन पाहील, तर फायदाच आहे.

पण निरीक्षणगृह शासनाचे आणि त्याचे प्रमाणपत्रही शासनाचेच, हा पेच त्याने सुटत नाही. उपाय कायद्यातच आहे. कलम 54 प्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक गृहाला भेट द्यायची आहे; पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा आहे. मुलांची नावे आणि ओळख वगळून हे अहवाल प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावेत. तोवर वाचकांनी आपापल्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहाची शेवटची तपासणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात.