मुष्टियुद्ध पायांपासून शिकावें

मुष्टियुद्ध म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती वळलेली मूठ. मुलानें हा खेळ शिकावा काय, असा प्रश्न घरांत निघाला म्हणजे वडील मंडळी नकारार्थी मान हलवितात, तीही त्या मुठीकडे पाहूनच. परंतु जाणता शिक्षक नव्या शिष्याची मूठ प्रथम पाहत नाहीं; तो पाहतो त्याचे पाय.

याचें प्रसिद्ध उदाहरण ७ सप्टेंबर १८९२ रोजीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं घडलें. जॉन सलिव्हन हा त्या काळचा जगज्जेता, धिप्पाड व ठोशाचा जबरदस्त. त्याच्यासमोर वजनानें हलका असा जेम्स कॉर्बेट उभा राहिला. कॉर्बेट सारखा सरकत राहिला. सलिव्हनचे ठोसे हवेंत विरले, दम सरला, आणि एकविसाव्या फेरींत तो महाबली कोसळला.

आतां पवित्रा पाहूं. उजव्या हातानें काम करणाऱ्यानें डावा पाय पुढें व उजवा मागें ठेवावा. दोहोंतील अंतर सुमारें खांद्यांच्या रुंदीइतकें असावें. मागची टांच किंचित् उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खालीं, मुठी गालांजवळ, आणि भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा.

सरकण्याचा नियम सोपा आहे. ज्या दिशेस जावयाचें, त्या दिशेचा पाय आधीं हलवावा. दुसऱ्यानें तितकेंच अंतर मागोमाग यावें. पाय एकमेकांत गुंतवूं नयेत, कीं जुळवूंही नयेत. कारण त्या क्षणीं साधा धक्काही माणसास पाडतो. घरीं जमिनीवर खडूची रेघ ओढावी, पावलें तिच्या दोन बाजूंस ठेवावीं व पुढेंमागें सरकावें. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांप्रमाणें तीन मिनिटें खेळ व एक मिनिट विश्रांति हेंच माप ठेवावें.

ठोशाचें बळ दंडांत नसतें, कमरेंत असतें. ताक घुसळतांना रवी जागीं राहून फिरते, तसें शरीर आपल्या आंसाभोंवतीं फिरलें पाहिजे. प्रथम हात कमरेवर ठेवून मागच्या चवड्यावर पाऊल वळवावें, टांच बाहेर जाऊं द्यावी; त्यापाठोपाठ कंबर, मग खांदा. हा क्रम अंगवळणी पडल्यावरच हात सोडावा, तोही सावकाश. पुढें खांद्याच्या उंचीवर दोरी बांधून, पाठ न वांकवितां, गुडघ्यांतून बसत तिच्याखालून या बाजूचें त्या बाजूस जावें.

एवढा खटाटोप कशासाठीं? १९२८ सालीं अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनीं डोक्यावर वारंवार आघात सोसणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. हातमोजा मूठ वांचवितो. मेंदूस तो पुरेसें संरक्षण देत नाहीं. न लागलेला ठोसा हेंच खरें संरक्षण, आणि तें पाय व कंबर यांच्या स्वाधीन आहे.

म्हणून वडील मंडळींची भीति अनाठायीं नाहीं. पण वर सांगितलेल्या सरावांत प्रतिस्पर्धीच नसतो. तो मुलानें करावा, मुलीनेंही करावा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचें मुष्टियुद्ध प्रथमच पदकांसाठीं खेळलें गेलें, आणि तेथें आपल्या मेरी कोम यांनीं कांस्यपदक मिळविलें. समोरासमोरचा सामना मात्र जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालींच व्हावा. डोक्यास मार लागून चक्कर आली तर खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांस दाखवावें.

मूठ वळण्यास क्षण पुरतो. पाय वळणास लावण्यास महिने लागतात. ते महिने ज्यानें दिले, त्याच्या हातीं मूठ सोंपविण्यास हरकत नाहीं.