मान टाकलेलं सूर्यफूल



बचत गटाची बैठक म्हटली की आईच्या मागे लेकरं येतातच. आपला हिशोब होईस्तोवर त्यांनी गप्प बसावं म्हणून आम्ही तेलकट खडूंची एक पेटी आणली. दुकानात ऑइल पेस्टल म्हणून मागायची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर फूल काढून दिलं. एक गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली देठ. सगळ्यांनी तेच उतरवलं. एका पाच वर्षांच्या मुलीनं मात्र मान टाकलेलं सूर्यफूल काढलं. मी तिच्या हातातून खडू घेतला आणि ते सरळ करून दिलं. तिनं कागद पालथा घातला. पुढच्या बैठकीला तिनं खडूला हात लावला नाही.

माझी चूक मला कळली ती व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या चित्रामुळे. 1888 सालच्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावात, त्यानं सूर्यफुलं रंगवली. गोगँ हा चित्रकार मित्र राहायला येणार होता, त्याची खोली सजवायला. फुलं लवकर सुकतात म्हणून तो सकाळी सूर्य उगवताच कामाला लागायचा, असं त्यानं भावाला पत्रात लिहिलं होतं. त्या चित्रात काही फुलं ताजी आहेत, काहींच्या पाकळ्या गळाल्यात, काहींनी मान टाकलीय. आता दाणा भरला की सूर्यफूल वाकतं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? पोरीनं शेतात पाहिलं तेच काढलं होतं.

तेव्हापासून फळ्यावर मी काही काढत नाही. मोबाइलवर ते चित्र दोन मिनिटं दाखवते, मग मोबाइल पिशवीत आणि खरं फूल मधोमध. बघायला वेळ द्यायचा. कुठली पाकळी दुमडलीय, देठावर लव आहे का, असं विचारत राहायचं.

पेन्सिल आणि खोडरबर देऊ नका. रबरानं हा रंग जात नाही, पसरतो. खडूवरचा कागद सोलून त्याचे दोन तुकडे करा, म्हणजे आडवा धरून रुंद पाकळी ओढता येते. फिका रंग आधी, गडद नंतर. पिवळ्यावर नारिंगी लावून बोटानं चोळलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. टोक मळलं तर जुन्या सुती फडक्याला पुसायचं. सूर्यफुलाच्या मधल्या भागात पिवळा दाट भरायचा, त्यावर तपकिरी दाबून लावायचा आणि खराट्याच्या काडीनं खरवडायचं. खालचा पिवळा वर येतो. ही गंमत मुलांना इतकी आवडते की हिशोब संपला तरी उठत नाहीत! कागद गुळगुळीत नको. खाकी कागदावर पिवळा आणि पांढरा छान उठून दिसतो. पेटी उन्हात ठेवू नका, खडू मऊ पडतात.

दुसरी चित्रकार जॉर्जिया ओकीफ, अमेरिकेची. ती एकच फूल घ्यायची आणि अख्खा कॅनव्हास भरून रंगवायची. तिच्या घराभोवती धोतऱ्याच्या जातीचं झाड उगवायचं. 1932 साली तिनं त्याचं पांढरं फूल रंगवलं, चार फूट उंच. 2014 मध्ये ते चित्र लिलावात 4 कोटी 44 लाख डॉलरना गेलं. तोवर कुठल्याही बाईच्या चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. आपल्याकडे उकिरड्यावरच्या धोतऱ्याकडे कोण बघतं! पण धोतरा विषारी आहे, मुलांच्या हातात तो देऊ नका. भोपळ्याचं फूल घ्या. पाकळ्या कागदाच्या चारही कडांना टेकल्या पाहिजेत, एवढंच सांगा. बारीक चित्र काढणारं पोरही मग हात मोकळा सोडतं.

चित्र झालं की “छान” म्हणून मोकळं होऊ नका, आणि “हे काय काढलंस?” असंही नको. “इथे लाल का लावलास?” असं विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

ती मुलगी तिसऱ्या बैठकीलाही दूरच बसली. चौथ्या वेळी मी भोपळ्याचं फूल तिच्याजवळ ठेवलं आणि वही काढून हप्ते मोजायला बसले. वर पाहिलं तर तिनं फुलात शिरलेला मुंगळा काढला होता, फुलाहून मोठा. या वेळी मी खडूला हात लावला नाही.