सीमेच्या कागदावर अंगठा कोणाचा?

क्रांती चौकातून विभागीय आयुक्तांच्या कचेरीवर जमिनीच्या हक्कासाठी मोर्चे निघतात, तेव्हा रस्ता अडला म्हणून आमचे व्यापारी बंधू त्रासतात. त्रास खराच आहे. परंतु खरेदीखतावाचून गाळा न घेणाऱ्या या व्यवहारचतुर मंडळींनी स्वतःस एक प्रश्न विचारावा: ज्या मालाचा सौदाच झाला नाही, तो माल कोणी उचलून नेला तर आपण काय म्हणू?

नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या आणि १९६० साली गुजरातेत गेलेल्या डांगात हेच घडले. मुंबई सरकारास जहाजांकरिता साग हवा होता. म्हणून १८४२ साली त्याने तेथील भिल्ल राजांशी पट्टे केले व वार्षिक रक्कम ठरविली. राजांनी दिली ती लाकूड तोडण्याची मुभा. पुढे १८६२ साली पट्टे नव्याने झाले, १८७८ साली जंगलचा कायदा आला, आणि राखीव जंगलाच्या रेषा डांगी माणसाच्या फिरत्या शेतीवर येऊन पडल्या. झाडांचा पट्टेदार जमिनीचा धनी कसा झाला? कागद लिहिणारा व त्याचा अर्थ लावणारा एकच होता, हेच त्याचे उत्तर! त्या राजांच्या वंशजांस आहवा येथील डांग दरबारात होळीच्या सुमारास आजही सालियाना मिळतो. जंगल मात्र सरकारचे.

अमेरिकेतील क्रीक लोक याबाबतीत अधिक सावध होते. राष्ट्रसभेच्या संमतीवाचून भूमी विकणारास त्यांच्यात देहदंड होता. १८२५ साली विल्यम मॅकिंटॉश व काही सरदारांनी जॉर्जियातील भूमी गोऱ्यांस लिहून दिली. सभेने मॅकिंटॉशला ठार करविले. १८२६ साली तो करार रद्द झाला खरा, पण नव्या करारांनी बहुतेक तीच भूमी गेली. देहदंडाचे समर्थन आम्ही करीत नाही. संमती सरदाराची की समाजाची, एवढाच आमचा मुद्दा.

आमच्या २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला आहे. दाव्याचा आरंभ ग्रामसभेने करावयाचा, वृद्धांचा जबाबही पुरावा धरावयाचा. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे नामंजूर झालेल्यांस हटविण्याचा आदेश निघाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित करून नामंजुरीची रीत कोणती, हे राज्यांस विचारले. आयुक्तांनी आता प्रत्येक नामंजुरीची कारणे गावात मराठीतून वाचून दाखवावीत, आणि मोजणीच्या दिवशी ग्रामसभा हजर असल्यावाचून साखळी जमिनीवर टाकू नये.