निरोपाचा विनय

व्हिचेंझाच्या सुवर्णप्रदर्शनास किंवा कार्राराच्या संगमरवराच्या खरेदीस इटलीत जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनी तेथील चार शब्द अवश्य आत्मसात करावेत. आभारासाठी ‘ग्रात्सिए’, अधिक आभार मानायचे असल्यास ‘ग्रात्सिए मिल्ले’, म्हणजे सहस्र धन्यवाद. त्यास उत्तर ‘प्रेगो’. त्याचे मूळ विनंती, प्रार्थना या अर्थाच्या क्रियापदात आहे.

निरोप घेताना मात्र सावध असावे. ‘चाओ’ हा शब्द स्नेही, आप्त व मुले यांच्यासाठी. प्रथमच भेटलेल्या वयोवृद्ध पेढीमालकास तो उच्चारल्यास सलगी वाटते. तेथे ‘अर्रिवेदेर्ची’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’, किंवा अधिक आदराने ‘अर्रिवेदेर्ला’ म्हणावे. ‘आद्दिओ’ टाळावे, त्यात कायमच्या वियोगाची छटा आहे.

विशेष हे, की ‘चाओ’चा उगम व्हेनिसच्या बोलीतील ‘दास’ या अर्थाच्या शब्दात आहे. ‘मी आपला दास’ असा त्याचा मूळ भाव. नम्रतेचा हा शब्द कालांतराने सलगीचा झाला. आपल्या ‘जय जिनेंद्र’चे तसे होऊ नये. आपल्या धर्माने विनयाची गणना आभ्यंतर तपात केली आहे. म्हणून सौदा ठरो वा न ठरो, निरोप आदरानेच घ्यावा.