लाल सोनं

बावनकशी सोनं पिवळंच असणार, याबद्दल आपल्या मनात कधी शंका येत नाही. नॅनोविज्ञान शिकायला आलेल्या मुलांची ही खात्री पहिल्याच प्रात्यक्षिकात डळमळते. माझ्या मते या विषयाची सुरुवात व्याख्येने न करता इथूनच करावी.

कृती साधी आहे. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. आधी पिवळेपणा जातो. मग करडी, निळसर झाक येते, ती जांभळी होते आणि काही मिनिटांत अख्खं चंचुपात्र डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. त्यात रंग कुणी घातलेला नाही. ते सोनंच आहे, फक्त त्याचा एकेक कण १५-२० नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर!

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. एवढ्याशा कणात ते कोंडतात आणि प्रकाश पडला की सगळे मिळून इकडून तिकडे झुलू लागतात. त्या झुलण्याची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा प्रकाश कणांत शोषला जातो आणि आपल्यापर्यंत लाल पोचतो. आता या द्रावणात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा विद्युतभार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग डोळ्यांदेखत निळा पडतो.

मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच रंगांच्या मागे लागला होता. माणकासारखा दिसणारा तो द्रव म्हणजे सोन्याचेच अतिसूक्ष्म कण आहेत, हे त्याने १८५७ साली मांडलं. असा कण दाखवू शकेल असा सूक्ष्मदर्शक तेव्हा जगात कुठेच नव्हता. रंगामागचं गणित तर १९०८ साली गुस्ताव मी याने सोडवलं.

रंगावरच हे थांबत नाही. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला, पण दोन-तीन नॅनोमीटरचा कण त्याच्या कितीतरी आधीच वितळतो. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा ठोकळा घेऊन त्याचे एकेक नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर सहा चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड एकर. इतक्या लहान कणातले बहुतेक अणू पृष्ठभागावरच येतात. त्यांना चहूबाजूंनी शेजारी नसतात, म्हणून ते सहज सुटतात आणि सहज जुळतात. कशालाही दाद न देणारं सोनं या आकारात विषारी कार्बन मोनॉक्साइडचं शून्याखालच्या तापमानातही ज्वलन घडवून आणतं, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८०च्या दशकात दाखवलं.

कोविडच्या काळात घरी केलेल्या चाचणीच्या पट्टीवर लाल रेघ उमटायची ना? अशा बऱ्याच पट्ट्यांमध्ये प्रतिपिंडं चिकटवलेले सोन्याचे कण असतात. नमुन्यात विषाणूचं प्रथिन असलं की ते कण रेघेपाशी अडकतात, आणि पुरेसे गोळा झाले की नुसत्या डोळ्यांना लाल दिसतात.